अक्षावरची तारीख : मोजायची की नुसती वाचायची?

स्प्रेडशीटमध्ये चार्ट काढायला बसलेल्या माणसाचे घोडे बहुतेक वेळा तारखांपाशी अडते. आकडे बरोबर असतात, बेरजा जुळतात. पण आडव्या अक्षावर तारखांच्या जागी ४५३८३ असले काहीतरी उमटते. कधी वर्षाच्या बारा नोंदींचे बारा खांब सुईसारखे बारीक होतात, कधी सगळ्या तारखा तिरक्या होऊन एकमेकींच्या अंगावर चढतात. प्रत्येक तक्रारीवर दोन-चार क्लिकचा उपाय असतो आणि कार्यालयातल्या कुणा एकाला तो पाठ असतो. त्यामुळे ही सगळी भानगड मेनूतल्या खाचाखोचांची आहे, असा समज रूढ झाला आहे.

प्रत्यक्षात या तक्रारींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: अक्षावरची तारीख ही मोजण्याची राशी मानायची, की नोंदीला ओळखीसाठी लावलेले नाव? संख्याशास्त्राचे अभ्यासक, शेअर बाजाराचे विश्लेषक, सरकारी अहवाल तयार करणारे कर्मचारी आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या यांची उत्तरे एकसारखी नाहीत, आणि प्रत्येकाजवळ आपले कारण आहे.

काळ आडवा कसा झाला

डावीकडून उजवीकडे काळ जातो, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी रूढ केली असेल हेच लक्षात येत नाही. इंग्लंडमधल्या जोसेफ प्रीस्टली याने १७६५ साली थोरामोठ्यांच्या आयुष्यांचा एक तक्ता काढला. इसवी सनापूर्वी १२०० पासून इसवी सन १८०० पर्यंतचा काळ त्याने एका आडव्या पट्टीवर मांडला आणि प्रत्येक माणसाचे आयुष्य म्हणजे एक रेघ, असे दाखवले. ज्याचे आयुष्य मोठे त्याची रेघ लांब. कागदावरची लांबी म्हणजे काळाची लांबी, हे त्यात गृहीतच होते.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, १७८६ मध्ये, विल्यम प्लेफेअरने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे याच आडव्या पट्टीवर चढवले. त्याच्या ॲटलासमधल्या ४४ आलेखांपैकी ४३ काळाचे आहेत. उरलेला एक स्कॉटलंडच्या व्यापाराचा. त्यासाठी प्लेफेअरकडे एकाच वर्षाचे आकडे होते, म्हणून त्याने नाइलाजाने देशांची नावे एकाखाली एक लिहून त्यांच्यापुढे खांब काढले. हा आलेख इतरांच्या तोडीचा नाही, असे त्याचे स्वतःचेच मत होते. आजच्या स्प्रेडशीटमध्ये मोजपट्टीचा अक्ष आणि नावांचा अक्ष असे जे दोन प्रकार आहेत, ते दोन्ही या एका पुस्तकात भेटतात.

पुढे छापील वृत्तपत्रांनी हीच रीत उचलली. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात १९७४ ते १९८० या काळातल्या १५ वृत्तपत्रे-नियतकालिकांमधून घेतलेल्या ४,००० आलेखांच्या नमुन्याचा दाखला दिला आहे. त्यातले तीनचतुर्थांशांहून अधिक आलेख काळाचे होते. म्हणजे स्प्रेडशीट घराघरांत पोहोचण्याआधीच चार्ट म्हटला की खाली तारीख, हे ठरून गेले होते.

तारीख नावाचा आकडा

संगणकाला तारीख कळत नाही. त्याला दिवसांची मोजणी कळते. एक्सेलच्या लेखी १ जानेवारी १९०० म्हणजे १, महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तो १ मे १९६० म्हणजे २२०३७, आणि १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. वेळ हा दिवसाचा अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे ०.५. सेलमध्ये आपल्याला जी तारीख दिसते तो या आकड्यावर चढवलेला फॉर्मॅट असतो. फॉर्मॅट उतरला की आतला आकडा उघडा पडतो. अक्षावर ४५३८३ उमटते ते यामुळेच. उलट बाजूने, नुसते २०२४ हे साल लिहिलेल्या सेलला तारखेचा फॉर्मॅट दिला, की तिथे १६ जुलै १९०५ दिसते, कारण १९०० पासूनचा दोन हजार चोविसावा दिवस तोच.

या मोजणीत एक जुनी चूक मुरलेली आहे. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरले. ते तसे नव्हते. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. लोटसच्या फायली आपल्याकडेही नीट उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये ती चूक जाणूनबुजून ठेवली. त्यामुळे एक्सेलच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस ६० व्या क्रमांकावर आजही आहे. लिब्रेऑफिसने ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरून वाट काढली, म्हणजे १ मार्च १९०० पासून पुढचे सगळे क्रमांक एक्सेलशी जुळतात. मॅकवरच्या एक्सेलने अनेक वर्षे १९०४ हे मूळ मानले, आणि या दोन मोजण्यांत १,४६२ दिवसांचे अंतर आहे. एका फायलीतल्या तारखा दुसरीत चिकटवल्यावर चार्ट चार वर्षे आणि एक दिवस सरकलेला दिसला, तर कारण इथे शोधावे.

आणखी एक गंमत आहे. १९०० च्या आधीची तारीख एक्सेलला तारीख म्हणून ओळखताच येत नाही. ती नुसता मजकूर ठरते. प्लेफेअरने १७०० ते १७८० चे जे आकडे मांडले, ते आज एक्सेलमध्ये खऱ्या तारखा देऊन काढता येत नाहीत. जाणकार तिथे सालांचे साधे आकडे लिहून अक्षाला ‘हे दिवस आहेत’ असे सांगतात आणि एकेक वर्ष एकेका दिवसाच्या भावाने बसवतात. आलेख बरोबर येतो, पण मागच्या दाराने.

त्याच तारखा, तीन अक्ष

वादाचे मर्म समजायला एक उदाहरण जरा जवळून पाहू. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. दोन मोजण्यांतले अंतर दोन महिने, दोन महिने, पाच महिने आणि तीन महिने असे विषम आहे.

या नोंदी एक्सेलच्या लाइन चार्टमध्ये टाकल्या आणि अक्ष ‘टेक्स्ट’ ठेवला, तर चारही नोंदी पंगतीतल्या पाटांसारख्या सारख्या अंतरावर बसतात. मे ते ऑक्टोबर हे पाच महिने मार्च ते मे या दोन महिन्यांएवढ्याच जागेत मावतात. परिणामी पावसाळ्यात पाणी चढण्याची रेघ आहे त्यापेक्षा बरीच उभी दिसते आणि उन्हाळ्यातली घट तिच्यापुढे संथ वाटते. अक्ष ‘डेट’ केला की पाच महिन्यांना पाच महिन्यांची जागा मिळते आणि उतार खरे होतात. अर्थात तेव्हाही मे आणि ऑक्टोबर यांना जोडणारी सरळ रेघ पाणी दर महिन्याला सारखेच चढले असे सुचवते. मे महिन्यात विहीर चढत नसते हे गावातल्या कुणालाही विचारावे. मोजपट्टी खरी झाली म्हणून मधला इतिहास खरा होतो असे नाही.

तिसरा पर्याय स्कॅटर चार्टचा. त्यात आडवा अक्ष निव्वळ आकड्यांचा असतो. तारखांचे क्रमांक घ्यायचे आणि त्यांवर तारखेचा फॉर्मॅट चढवायचा. अंतरे अचूक येतात, तासा-मिनिटांपर्यंत जाता येते, आणि दोन वेगळ्या विहिरी वेगवेगळ्या दिवशी मोजल्या असतील तर दोन्हींच्या तारखा आपापल्या राहतात. लाइन चार्टमध्ये सगळ्या मालिकांना पहिल्या मालिकेच्या तारखा मान्य कराव्या लागतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पण आकड्यांच्या अक्षाला महिना माहीत नाही. १ एप्रिल २०२४ पासून आर्थिक वर्ष दाखवायचे म्हणून किमान मूल्य ४५३८३ आणि टप्पा ३० दिवसांचा दिला, तर खुणा पडतात त्या १ एप्रिल, १ मे, ३१ मे, ३० जून, ३० जुलै, २९ ऑगस्ट, २८ सप्टेंबर अशा घसरत्या. लेबलात फक्त महिन्याचे नाव ठेवले असेल, तर अक्षावर ‘मे’ दोनदा येतो आणि बारा महिन्यांच्या वर्षाला तेरा लेबले लागतात. टप्पा ३१ केला तर घसरण उलट दिशेला सुरू होते. डेट अक्षाला मात्र ‘एक महिना’ हा टप्पा सांगता येतो आणि तो २८, ३० किंवा ३१ दिवस बरोबर मोजतो.

त्याची बदली किंमत अशी की एक्सेलचा डेट अक्ष दिवसाच्या खाली उतरत नाही. दिवस, महिना, वर्ष ही त्याची तीनच एकके. हवेच्या गुणवत्तेच्या तासातासाच्या नोंदी दिल्या, तर दिवसाचे चोवीस बिंदू एकाच उभ्या रेघेवर गोळा होतात. महिन्याच्या नोंदी देऊन एकक ‘दिवस’ राहिले, तर खांब सुईसारखे होतात, कारण प्रत्येक खांबाला एका दिवसाचीच रुंदी मिळते. एकक ‘महिना’ केले की खांब भरतात. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही ऑटो, टेक्स्ट, डेट अशीच निवड आहे आणि दिवस, महिना, वर्ष हीच एकके आहेत. गूगल शीट्समध्ये ‘लेबले मजकूर समजा’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो; त्यावर खूण केली की सलग अक्ष सुटे-सुटे होतो.

मोजपट्टीवाले आणि नाववाले

पहिली भूमिका मोजपट्टीवाल्यांची. अक्षावर तारीख लिहिली की कागदावरचे अंतर हे काळाच्या अंतराशी प्रमाणात असलेच पाहिजे, नाहीतर उताराला काही अर्थ उरत नाही. विल्यम क्लीव्हलँड यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवले की वाचक रेघेचा वेग तिच्या कोनावरून जोखतो. तो कोन विषम अंतरे सारखी केल्याने बदलत असेल, तर चार्ट वाचकाला चुकीचे सांगतो. एक्सेलच्या चार्टवर वर्षानुवर्षे लिहिणारे जॉन पेल्टियर हेही सांगत आले आहेत की लाइन आणि स्कॅटर यांतला फरक रेघ आहे की ठिपके यात नसून आडव्या अक्षावरची मूल्ये कशी घेतली जातात यात आहे. रेघ दोन्हींत काढता येते.

या बाजूचा सर्वांत ठळक दाखला २०२० च्या मे महिन्यातला आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य विभागाने कोविडच्या रुग्णांचा एक खांबांचा चार्ट प्रसिद्ध केला. त्यात खाली तारखा होत्या, पण क्रम असा होता: २८ एप्रिल, २७ एप्रिल, २९ एप्रिल, १ मे, ३० एप्रिल, ४ मे. खांब मोठ्याकडून लहानाकडे लावले गेल्याने साथ छान ओसरत असल्याचा भास होत होता. गदारोळ झाल्यावर चार्ट बदलला आणि दिलगिरी व्यक्त करण्यात आली. तारखेला नाव समजले की नावे हवी तशी लावता येतात, हेच तिथे घडले. एक्सेलच्या डेट अक्षावर ही चूक होऊ शकत नाही, कारण नोंदी उलटसुलट असल्या तरी तो त्या कालक्रमाने लावून घेतो. टेक्स्ट अक्ष मात्र शीटमधला क्रम जसाच्या तसा उतरवतो.

दुसरी भूमिका नाववाल्यांची, आणि ती अडाणीपणाची आहे असे समजण्याचे कारण नाही. शेअर बाजाराचे विश्लेषक सुट्ट्यांचे दिवस अक्षावरून सरळ काढून टाकतात. शुक्रवारनंतर सोमवार. बाजार बंद असताना भाव नसतोच, मग त्या न घडलेल्या व्यवहारांना जागा का द्यायची, हा त्यांचा सवाल आहे. डेट अक्षावर दर आठवड्याला दोन दिवसांची फट पडते आणि खांबांच्या चार्टची कंगव्यासारखी दातेरी दशा होते. शनिवार-रविवार ओळखून वगळावेत म्हटले तर तेही सरसकट जमत नाही: १२ नोव्हेंबर २०२३ ला लक्ष्मीपूजन रविवारी होते आणि मुहूर्ताचे सौदे त्याच संध्याकाळी झाले. अशा ठिकाणी व्यवहाराचा दिवस हेच एकक मानणे आणि टेक्स्ट अक्ष वापरणे ही त्या क्षेत्राची पक्की रीत आहे. जनगणनेच्या फेऱ्या, निवडणुका, परीक्षांची सत्रे यांबाबतही हाच युक्तिवाद होतो. १९९९, २००४, २००९, २०१४ या महाराष्ट्रातल्या विधानसभा निवडणुका मतदानाच्या अचूक तारखेने मांडण्यात कुणालाच रस नसतो.

तिसरी भूमिका खरे तर पहिल्या दोघांच्याही बाहेरची. तिचे म्हणणे असे की कॅलेंडरची तारीख हाच कधीकधी चुकीचा अक्ष असतो. कोविडच्या काळात फायनान्शियल टाइम्सच्या जॉन बर्न-मर्डॉक यांनी देशांची तुलना तारखेऐवजी ‘शंभराव्या रुग्णानंतरचे दिवस’ अशा अक्षावर मांडली आणि काही आठवड्यांत तो प्रकार जगभर रूढ झाला. स्प्रेडशीटमध्ये हे करायला फक्त एक वजाबाकी लागते. पण कुठल्या घटनेपासून मोजायचे हे माणसाने ठरवावे लागते.

माझ्या मते पहिल्या दोन बाजूंमध्ये समेट होण्यासारखा आहे, कारण त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. वेग विचारायचा असेल तर मोजपट्टी हवी. पाळी किंवा फेरी विचारायची असेल तर नाव चालते. न मिटणारा वाद आहे तो सॉफ्टवेअरने आपणहून काय गृहीत धरावे याबद्दलचा.

अंदाज कुणी बांधायचा?

एक्सेलच्या अक्षाचा मूळ पर्याय ‘ऑटोमॅटिक’ असतो. सेलचा फॉर्मॅट तारखेचा दिसला की डेट अक्ष, नाहीतर टेक्स्ट. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर ठरतो, म्हणूनच तो चुकतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे तो चुकण्याचे नेहमीचे कारण दिवस-महिन्याचा क्रम. समजा, एप्रिल महिन्याची रोजची नोंदवही सीएसव्ही फायलीत आली आहे आणि तारखा ०१/०४/२०२४ अशा आहेत. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल, तर पहिली तारीख ४ जानेवारी होते, दुसरी ४ फेब्रुवारी, तिसरी ४ मार्च, आणि असे करत बारावी ४ डिसेंबरला जाते. तेरापासून पुढे तेरावा महिना नसल्याने त्या नोंदी मजकूर म्हणून पडून राहतात. तीस दिवसांपैकी फक्त ४ एप्रिल जागेवर राहतो, तोही योगायोगाने. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर सेलमध्ये डावीकडे चिकटतो, तारीख उजवीकडे. संपूर्ण कॉलम मजकूर असताना डेट अक्ष लादला, तर चार्ट जानेवारी १९०० पासून सुरू होतो. हीही हमखास खूण. ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगितला की गाडी रुळावर येते. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचे आयएसओ ८६०१ हे प्रमाणक १९८८ पासून आहे आणि त्यात असा घोळ होत नाही. सरकारी तक्त्यांत ते क्वचितच दिसते.

अंदाज उलट दिशेनेही चुकतो. मार्च-१, सेप्ट-२ अशा अर्थाची इंग्रजी संक्षिप्त नावे असलेल्या जनुकांना एक्सेल तारखा समजत असे. २०१६ मध्ये झीमन आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या, एक्सेलच्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका सापडल्या. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नावेच बदलली. एक्सेलने आपोआप होणारे रूपांतर थांबवण्याची सोय दिली ती त्यानंतर, २०२३ मध्ये. शास्त्रज्ञांनी नावे बदलायची आणि सॉफ्टवेअरने नंतर सवय, हा क्रम बोलका आहे.

पिव्हट चार्टमध्ये एक्सेल २०१६ पासून तारखा आपणहून वर्ष, तिमाही, महिना अशा गटांत बांधल्या जातात. सोय म्हणून ती उत्तम आहे. पण गट झाले की तारखा नावे होतात, आणि महिने जानेवारीपासून लागतात. एप्रिल ते मार्च या आपल्या आर्थिक वर्षाचा चार्ट मग शेवटच्या तिमाहीने सुरू होतो. हाताने आर्थिक वर्षाचा कॉलम करणे हाच सर्वमान्य उपाय आहे, आणि ‘२०२४-२५’ असे लिहिले की ते अर्थातच मजकूर ठरते.

लेबलांची गर्दी

अक्षाचा प्रकार ठरला, तरी त्यावर काय लिहायचे हे उरतेच. साध्या आकड्यांच्या अक्षावर ‘गोंडस’ टप्पे कसे निवडावेत याचा बराच अभ्यास झाला आहे: पॉल हेकबर्ट यांची १९९० ची पद्धत, लेलँड विल्किन्सन यांची, आणि २०१० मध्ये टॅलबट, लिन आणि हॅनराहन यांनी तिचा केलेला विस्तार. १, २, ५ आणि त्यांच्या दहापटी हे त्यातले लाडके टप्पे. काळाला हे टप्पे लागू पडत नाहीत. तिथे ७ दिवस, महिना, तिमाही, वर्ष असे चालते. स्कॅटर चार्टचा अक्ष आपणहून पन्नास-पन्नास दिवसांचे टप्पे घेतो आणि २८ फेब्रुवारी, १८ एप्रिल अशा कुठल्याच कामाच्या नसलेल्या तारखा दाखवतो, तो यामुळेच.

एक मत असे की प्रत्येक नोंदीची पूर्ण तारीख दिसली पाहिजे. अहवाल तपासणाऱ्या साहेबांना ती शोधावी लागू नये. दुसरे मत असे की अक्ष हा तक्ता नव्हे. महिना एकदा, वर्ष बदलले तिथे वर्ष, एवढे पुरे. मॅटप्लॉटलिबसारख्या प्रोग्रामिंगच्या साधनांत असे आटोपशीर लेबल तयार मिळते. एक्सेलमध्ये वर्ष आणि महिना वेगळ्या कॉलमांत ठेवून दोन मजल्यांचा अक्ष करता येतो, दिसतोही सुबक. पण तो फक्त टेक्स्ट अक्षावर चालतो. म्हणजे देखणे लेबल हवे तर खरी मोजपट्टी सोडायची. ही अदलाबदल अनेकजण नकळत करतात.

मराठी लेबलांचेही तसेच. तारखेच्या फॉर्मॅटमध्ये भाषा मराठी निवडली, तर महिन्यांची नावे मराठीत येतात आणि खालचा आकडा शाबूत राहतो. त्याऐवजी टेक्स्ट फंक्शन वापरून ‘१ मे’ असा मजकूर बनवला, तर दिसायला तेच, पण अक्ष नावांचा झाला. महिन्याचे पहिले अक्षर तेवढे ठेवण्याचा फॉर्मॅट मराठीत टाळावा. जानेवारी, जून, जुलै आणि मार्च, मे यांत वाचकाने अंदाज करत बसायचे.

जिथे अजून एकमत नाही

पहिला प्रश्न नसलेल्या नोंदींचा. बाजार समितीत लिलाव बंद होता त्या दिवशी कांद्याचा भाव शून्य नव्हता, भावच नव्हता. एक्सेल रिकाम्या सेलसाठी फट, शून्य किंवा जोडरेघ असे तीन पर्याय देते. पण तारखेची ओळच शीटमध्ये नसेल, तर डेट अक्षावरचा लाइन चार्ट मुकाट्याने रेघ जोडून मोकळा होतो. रिकामा सेल आणि गैरहजर ओळ यांना वेगळी वागणूक का, याचे पटण्याजोगे उत्तर कुणी दिलेले नाही.

दुसरा आठवड्यांचा. आयएसओचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाच्या सीमेवर पुढेमागे सरकतो. भारतीय हवामान खात्याचे प्रमाण आठवडे १ जानेवारीपासून मोजतात; २३ वा आठवडा दरवर्षी ४ ते १० जून, आणि वर्षातला शेवटचा आठवडा आठ दिवसांचा. पावसाच्या अभ्यासात हेच आठवडे चालतात. डेट अक्षाला ‘सात दिवस’ कळतात, पण हे आठवडे कळत नाहीत, म्हणून कृषी विद्यापीठांतले तक्ते क्रमांक लिहून टेक्स्ट अक्षावर येतात.

तिसरा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा, सणांचा. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आणि २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आली. लक्ष्मीपूजन त्याच वर्षांत २४ ऑक्टोबर, १२ नोव्हेंबर आणि १ नोव्हेंबरला. मिठाई, कापड, वाहने, एसटीचे जादा फेरे यांचे आकडे ऑक्टोबर विरुद्ध ऑक्टोबर असे मांडले, तर धंदा बसला की सण सरकला हे कळायला मार्ग नाही. सणापासूनचे दिवस मोजून अक्ष मांडणे हा उपाय उघड आहे, पण मग पगाराची तारीख आणि महिनाअखेर विस्कटते. एक्सेल, लिब्रेऑफिस किंवा गूगल शीट्स यांतल्या कुणाच्याही अक्षाला पंचांग ठाऊक नाही. ते ठाऊक असावे का, की हे काम विश्लेषकाच्या कॉलमवरच सोडावे, यावर चर्चा जेमतेम सुरू आहे.

चौथा प्रश्न कोविडने पुढे आणला: कुठली तारीख? लक्षणे दिसली ती, चाचणीची, की अहवाल आला ती. जुन्या मृत्यूंची एकदम नोंद झाली की अहवालाच्या तारखेवर उंच खांब उभा राहत असे आणि घटनेच्या तारखेवर मांडले तर मागचा चार्ट रोज बदलत असे. याला अक्षाची कुठलीच सेटिंग पुरत नाही. चार्टखाली एक ओळ लिहावी लागते.

आकडे प्रसिद्ध करणाऱ्या कार्यालयांना म्हणून एवढीच विनंती: चार्ट कसाही काढा, पण त्यासोबत जी फाईल द्याल तिच्यात तारखेचा कॉलम खऱ्या तारखांचा ठेवा, तो वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, बंद दिवसांच्या ओळी गाळू नका, आणि ही तारीख घटनेची की नोंदीची हे शीर्षकातच सांगा.